कीबोर्डावर नसलेलं अक्षर आणायचं कुठून?

या वेळच्या पत्रांमध्ये एकच दुखणं वेगवेगळ्या शब्दांत आलंय. हवं ते चिन्ह कीबोर्डावर नाही, कुठून तरी उचलून आणलं तर ते नीट बसत नाही, आणि बसलं तरी प्रिंटमध्ये दगा देतं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, आज सगळी जागा याच विषयाला.

प्रश्न : मी भाषाशास्त्र शिकतेय. प्रोजेक्टसाठी साधारण तीनशे मराठी शब्दांचे उच्चार आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत, म्हणजे आयपीएत, टाईप करून द्यायचेत. आत्तापर्यंत एकेक चिन्ह नेटवरून कॉपी करून वर्डमध्ये पेस्ट करतेय, त्यात दर वेळी फॉन्ट आणि साईझ बदलते ती परत नीट करत बसावं लागतं. पहिली दहा पानं प्रिंट काढली तर मधेमधे चौकोन आलेत. शिवाय सरांनी दोन चिन्हांवर लाल गोल करून "ही चिन्हं ही नव्हेत" असं लिहिलंय, पण मला तर ती पुस्तकातल्यासारखीच दिसतात. सोबत एक पान पाठवतेय. काय चुकतंय?

उत्तर : चौकोन आणि लाल गोल ही दोन वेगळी दुखणी आहेत, आधी लाल गोल बघू कारण तो जास्त महत्त्वाचा आहे.

तुमचं पान उघडून चारशे टक्के झूम केलं. दीर्घ स्वरापुढे तुम्ही दोन टिंबं दिलीयत ती आपली नेहमीची, याद्या करताना वापरतो ती कोलनची टिंबं आहेत. आयपीएतलं दीर्घत्वाचं चिन्ह म्हणजे टिंबं नाहीतच, ते दोन छोटे त्रिकोण आहेत, टोकं एकमेकांकडे केलेले. बारा पॉइंटात हा फरक डोळ्याला कळत नाही, पण एकदा झूम करून शेजारी शेजारी ठेवून बघा, मग कधीच विसरणार नाही. दुसरा लाल गोल 'श'च्या चिन्हावर आहे, तिथे तुम्ही गणितातलं इंटिग्रलचं चिन्ह उचललंय. तेही लांबुडकं आणि दोन्हीकडे वळलेलं असतं म्हणून गल्लत होते, आणि ही गल्लत फार लोकांची होते.

आता कुणी म्हणेल दिसतंय ना सारखं मग काय बिघडलं. बिघडतं ते असं की कॉम्प्युटर आकार साठवतच नाही, तो नंबर साठवतो. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिपींच्या सामाईक तक्त्यात, प्रत्येक चिन्हाला स्वतःचा नंबर आहे, कोलनचा वेगळा आणि दीर्घ चिन्हाचा वेगळा. उद्या तुम्ही तीनशे शब्दांत "दीर्घ स्वर किती" असं सर्च केलंत तर कोलन टाकलेले सगळे शब्द गळतील, आणि ते गळलेत हे तुम्हाला कळणारही नाही. म्हणून तुमच्या सरांचा लाल गोल अगदी रास्त आहे.

चिन्ह खरं की खोटं हे तपासायची युक्ती वर्डमध्येच आहे. कर्सर त्या चिन्हाच्या लगेच पुढे ठेवा आणि ऑल्ट धरून एक्स दाबा. चिन्हाच्या जागी त्याचा नंबर दिसेल. तुमच्या 'दीर्घ' चिन्हावर हे करून बघा, ००३ए येईल, तो कोलनचा नंबर. यायला हवं होतं ०२डी०. 'श'च्या जागी २२२बी येईल, यायला हवं होतं ०२८३. परत ऑल्ट-एक्स दाबलं की नंबराचं चिन्ह होतं. म्हणजे हीच युक्ती उलटीकडून टायपिंगला वापरायची : नंबर लिहा, ऑल्ट-एक्स दाबा, चिन्ह हजर. लिबरऑफिसमध्येही हेच चालतं.

एक सांभाळा. मासिकात आकडे देवनागरीत छापतो, पण हे नंबर टाईप करताना कीबोर्ड इंग्रजीवर असायला हवा आणि ए, बी, सी, डी ही इंग्रजी अक्षरं आहेत. मराठी कीबोर्डावरून देवनागरी आकडे टाकलेत तर ऑल्ट-एक्स ढिम्म हलत नाही, आणि माणूस अर्धा तास सेटिंग शोधत बसतो.

तुमच्या कामाला लागतील असे नंबर देतो, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. उलटा ई, म्हणजे श्वा, आपल्या 'अ'साठी : ०२५९. याचाही एक तोतया आहे, काही आफ्रिकी भाषांच्या लिपीतला उलटा ई, त्याचा नंबर ०१डीडी, आकार तोच पण आयपीए नव्हे. मूर्धन्य अक्षरांना खाली उजवीकडे वळलेलं शेपूट असतं, त्यातलं 'ट'चं ०२८८, 'ड'चं ०२५६, 'ण'चं ०२७३, 'ष'चं ०२८२ आणि आपल्या लाडक्या 'ळ'चं ०२६डी. 'व'साठी ०२८बी, 'ह'साठी ०२६६, 'ङ'साठी ०१४बी. आघाताची उभी रेघ ०२सी८, तिथे एकेरी अवतरणचिन्ह टाकू नका, तीच कोलनची गोष्ट. 'ग'साठी साधं इंग्रजी जी आणि ध्वनिलिपीतला खास जी (०२६१) असे दोन पर्याय आहेत, दोन्ही मान्य आहेत, फक्त सुरुवातीला जो घ्याल तोच शेवटपर्यंत ठेवा.

'ख', 'थ', 'फ' यांच्या महाप्राणासाठी वर चढवलेला छोटा एच लागतो. तुम्ही साधा एच घेऊन सुपरस्क्रिप्ट केलंय. दिसायला छान दिसतं, पण सुपरस्क्रिप्ट हे नुसतं फॉरमॅटिंग आहे, मजकूर ईमेलमध्ये किंवा नोटपॅडमध्ये टाकला की एच खाली उतरतो आणि 'ख'चा 'क-ह' होतो. खरा चढलेला एच ०२बी० आहे, तो कुठेही नेला तरी चढलेलाच राहतो. 'घ', 'ध', 'भ'साठी घोष महाप्राण वेगळा दाखवायचा असेल तर ०२बी१.

आता मराठीची खरी गंमत, 'च' आणि 'ज'. 'चंद्र'मधला च आणि 'चाक'मधला च आपण एकाच अक्षराने लिहितो पण तोंडात ते वेगळे आहेत, 'जरा' म्हणजे थोडं आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण यांत तर अर्थच उच्चारावर ठरतो. देवनागरी जे दाखवत नाही ते दाखवायलाच तर तुम्ही आयपीए वापरताय, म्हणून इथे हयगय नको. 'चाक'चा च म्हणजे टी आणि एस, 'चंद्र'चा च म्हणजे टी आणि ०२८३. 'ज'चं तसंच, थोडं या अर्थाच्या 'जरा'त डी आणि झेड, म्हातारपणाच्या 'जरा'त डी आणि ०२९२. दोन्ही अक्षरं मिळून एकच ध्वनी आहे हे दाखवणारी वरची कमान ०३६१. ही कमान टाकायचा क्रम लक्षात ठेवा : पहिलं अक्षर, मग कमान, मग दुसरं अक्षर. कमान ही मात्रेसारखी आहे, अक्षर आधी आणि खूण नंतर. आपण 'क' टाईप करून मग अनुस्वार देतो ना, तसंच. अनुनासिक स्वराची वरची नागमोडी रेघ (०३०३) पण स्वरानंतरच.

इथे वर्ड एक खोडी करतं. नंबराच्या लगेच आधी ए ते एफ यांतलं एखादं अक्षर किंवा एखादा आकडा असेल तर वर्डला वाटतं तोही नंबराचाच भाग, आणि भलतंच काहीतरी उमटतं. 'ध'साठी डी लिहून पुढे लगेच ०२बी१ टाकलंत की हे होणारच. अशा वेळी फक्त नंबर सिलेक्ट करा आणि मग ऑल्ट-एक्स दाबा.

तीनशे शब्दांना दर वेळी नंबर टाकणं मात्र जिवावर येईल, म्हणून जी सात-आठ चिन्हं सारखी लागतात त्यांना शॉर्टकट देऊन टाका. इन्सर्टमध्ये सिम्बॉल, मग मोअर सिम्बॉल्स, चिन्ह निवडून शॉर्टकट की, तिथे ऑल्ट-शिफ्ट-ई वगैरे जे हाताला सोपं वाटेल आणि आधीपासून कशाला दिलेलं नसेल ते. ऑटोकरेक्टच्या नादी लागू नका, ते शब्द पूर्ण झाल्यावर बदल करतं आणि तुम्हाला चिन्ह शब्दाच्या पोटात हवंय.

आणि हा विषय तुम्ही पुढे चालवणार असाल तर माझं स्पष्ट मत, आत्ताच कीमन हा प्रोग्रॅम टाकून घ्या, फुकट आहे, त्यात एसआयएल या संस्थेचा आयपीए कीबोर्ड मिळतो. तिथे नंबर पाठ करावे लागत नाहीत, जवळचं इंग्रजी अक्षर दाबायचं आणि पुढे एखादं चिन्ह, म्हणजे ई आणि मग बरोबरचं चिन्ह दाबलं की श्वा, एस आणि बरोबरचं चिन्ह की 'श'. पहिले दोन दिवस तक्ता समोर ठेवावा लागतो, मग बोटांना सवय होते. शिवाय तो वर्डपुरता नाही, एक्सेल, ईमेल सगळीकडे चालतो.

राहिले चौकोन. चौकोनाचा अर्थ एवढाच की चिन्ह जागेवर आहे पण या फॉन्टमध्ये त्याचा आकार काढलेलाच नाही. मराठीच्या बऱ्याच फॉन्टमध्ये ध्वनिलिपी नसते. या चौकोनांना तोफू म्हणतात, आणि गूगलच्या नोटो फॉन्टचं नाव 'नो तोफू' यावरूनच आलंय. फॉन्ट बदला, चिन्ह दिसेल. डूलोस एसआयएल आणि करिस एसआयएल हे दोन फुकट फॉन्ट खास अशा कामासाठी केलेत, कमान आणि वरखालच्या खुणा त्यात नीट जागेवर बसतात. 'उच्चार' नावाची एक कॅरेक्टर स्टाईल करा, तिला यातला एक फॉन्ट द्या, सगळ्या उच्चारांना ती स्टाईल लावा, म्हणजे साईझ बदलायची झाली तरी एकाच जागी बदलेल. पेस्ट करताना 'कीप टेक्स्ट ओन्ली' घेतलंत की बाहेरचा फॉन्ट सोबत येणार नाही. आणि प्रिंटला वर्डची फाईल देऊ नका, पीडीएफ द्या आणि त्यात फॉन्ट एम्बेड, म्हणजे फाईलमध्येच सामील, झालेत का बघा, कारण त्यांच्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट असेलच असं नाही.

पण चौकोनाऐवजी प्रश्नचिन्हं दिसायला लागली तर मात्र घाबरायचं कारण आहे. प्रश्नचिन्ह म्हणजे बहुतेक वेळा फाईल सेव्ह होताना चिन्हच पुसलं गेलं आणि तिथे खरोखरचं प्रश्नचिन्ह बसलं, मग फॉन्ट बदलून काही परत येत नाही. साधी टेक्स्ट किंवा सीएसव्ही फाईल सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे चिन्हं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ आहे ना हे बघूनच पुढे जा.

प्रश्न : ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ऑल्ट धरून १७६ टाकल्यावर डिग्रीचं चिन्ह यायला पाहिजे असं एका यादीत लिहिलंय, पण माझ्याकडे ठिपक्यांची जाळी येते. सहकारी म्हणतो २४८ टाक, ते चालतं. मग यादी चुकीची का? आणि घरच्या लॅपटॉपवर तर काहीच येत नाही.

उत्तर : यादी बरोबर असणार, तुमच्याकडून पुढचं शून्य गळलंय. विंडोजमध्ये ऑल्ट ०१७६ टाकलं तर ° येतं, शून्य न लावता १७६ टाकलं तर ░ ही जाळी येते.

याचं कारण इतिहासात आहे. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्ये एकूण २५६ चिन्हांचा एक तक्ता होता, त्यात रेघा, चौकटी, जाळ्या असलं बरंच काही होतं कारण तेव्हा स्क्रीनवरच्या चौकटी अक्षरांनीच काढत. त्या तक्त्यात डिग्रीचा नंबर २४८. पुढे विंडोजने स्वतःचा वेगळा तक्ता आणला, त्यात डिग्री १७६ वर गेली. जुन्यांची सवय मोडू नये म्हणून दोन्ही तक्ते ठेवले आणि ओळखायची खूण म्हणून नव्या तक्त्याला पुढे शून्य लावायचं ठरलं. म्हणजे सहकाऱ्याचा २४८ हा जुन्या तक्त्यातला, यादीतला ०१७६ नव्यातला, दोघंही बरोबर. ०२१५ ला गुणिले ×, ०२४७ ला भागिले ÷, ०१६९ ला कॉपीराइटचं ©, आणि ०१५१ ला लांब रेघ — येते, हे चार लक्षात ठेवले तरी रोजचं काम भागतं.

लॅपटॉपवर येत नाही कारण हे आकडे उजवीकडच्या वेगळ्या नंबर पॅडवरूनच टाकावे लागतात, वरच्या ओळीतले चालत नाहीत, नमलॉक चालू लागतं आणि ऑल्टही डावीकडचंच. तुमच्या लॅपटॉपला पॅड नसेल तर हा रस्ता सोडून द्या. विंडोजची की धरून पूर्णविराम दाबा, इमोजीची खिडकी उघडते, तिच्यात चिन्हांचा वेगळा विभाग आहे, गणिताची, चलनाची, लॅटिनची सगळी तिथे सापडतात. वर्डमध्ये असाल तर वरच्या उत्तरातलं ऑल्ट-एक्स, डिग्रीसाठी ००बी०. चिन्हाचं नावही माहीत नसेल तर गूगल डॉक्समध्ये इन्सर्टखाली स्पेशल कॅरेक्टर्स उघडा, तिथे माऊसने चिन्ह काढायचा चौकोन असतो, वेडंवाकडं काढलं तरी जवळची चिन्हं समोर येतात.

प्रश्न : 'दुःख' लिहिताना मी कोलन वापरते, दिसतं तर तसंच. आणि 'दऱ्या' लिहायला गेलं की 'दर्या' होतं. हे कसं सोडवायचं?

उत्तर : कोलनबद्दल वर इतकं लिहिलंय की तुम्हाला उत्तर कळलंच असेल, पण विसर्गाचं दुखणं मला जवळचं आहे म्हणून थोडं आणखी लिहितो. काही वर्षांपूर्वी मी एक शब्दयादी अकारविल्हे लावली होती. त्यात 'दुःख' दोनदा आला, दोन वेगळ्या ठिकाणी, कारण एकात विसर्ग होता आणि एकात कोलन. मग 'निःशब्द', 'अंतःकरण', 'प्रातःकाल' एकेक तपासत गेलो आणि सगळ्या यादीत हीच सरमिसळ निघाली, दोन संध्याकाळी त्यात गेल्या. विसर्ग हा अक्षराचा भाग आहे, कोलन हे विरामचिन्ह आहे, त्यामुळे ओळीच्या शेवटी प्रोग्रॅम कोलनपाशी शब्द तोडूही शकतो आणि 'दु' एका ओळीत, 'ख' दुसऱ्या ओळीत. इन्स्क्रिप्ट या देवनागरीच्या ठरावीक कीबोर्डावर शिफ्ट धरून हायफनची की दाबली की खरा विसर्ग मिळतो. रोमनमधून मराठी उमटवणाऱ्या बऱ्याच कीबोर्डांत मोठ्या एचवर असतो.

'दऱ्या'चं असं आहे की तो र वेगळा आहे. साधा र, हलन्त आणि य जोडलं की रफार होतो, 'दर्या', म्हणजे समुद्र. 'दऱ्या'साठी खाली नुक्ता असलेला ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग य. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट-जे, मग डी, मग तिरक्या रेघेची की. टाईप करताना खाली टिंब दिसतं म्हणून काहीजण घाबरून खोडतात, खोडू नका, य पडला की टिंब जातं आणि आडवी अर्धचंद्रासारखी रेघ येते. 'तऱ्हा', 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या', 'आचाऱ्यांना' सगळे असेच, आणि शेवटच्या शब्दात रफार दिलात तर स्वयंपाकी जाऊन गुरुजी येतात!

जुन्या मजकुरात हेच अक्षर साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा एक जोडक (२००डी) घालूनही केलेलं सापडतं. दिसायला सारखंच असतं, म्हणून 'दुसऱ्या' सर्च करून अर्धेच सापडले तर दोन्ही पद्धतींनी शोधून बघा. 'ॲ'चंही थोडं तसंच, हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या मजकुरात त्याच्या जागी ऍ दिसेल.

प्रश्न : मॅक आणि लिनक्सवाल्यांनी काय करायचं? संस्कृत शब्द रोमनमध्ये लिहिताना वर रेघ, खाली टिंब लागतं.

उत्तर : मॅकवर कीबोर्डांच्या यादीतून 'एबीसी एक्स्टेंडेड' घ्या. ऑप्शन-ए दाबून मग स्वर दाबला की वर आडवी रेघ, ऑप्शन-एक्स दाबून मग टी किंवा डी दाबलं की खाली टिंब. इथे खूण आधी आणि अक्षर नंतर, आयपीएच्या कमानीच्या उलट, तेवढं ध्यानात ठेवा. बाकी चिन्हांसाठी कंट्रोल-कमांड-स्पेस. लिनक्सवर बहुतेक प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-शिफ्ट-यू दाबून नंबर टाकायचा आणि एंटर, नंबर वरचेच. विंडोजवाल्यांनी 'इंग्लिश इंडिया' कीबोर्ड लावला तर उजवं ऑल्ट धरून ए, आय किंवा यू दाबल्यावर डोक्यावर रेघ असलेला दीर्घ स्वर मिळतो, नेहमीच्या इंग्रजी टायपिंगला त्याने काही अडत नाही, मी स्वतः तोच लावून ठेवलाय.